बहिष्कार वेगळा, वाळीत टाकणे वेगळे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘बॉयकॉट’ हा शब्द आता मराठीत चांगलाच रुळला आहे. सिनेमा असो, क्रिकेटचा सामना असो की परदेशी माल, ‘बॉयकॉट करा’ ही हाक लगेच उठते. अधिवेशनाच्या आदल्या दिवशीच्या चहापानावर विरोधक बहिष्कार टाकतात, रस्ता झाला नाही म्हणून गावे मतदानावर टाकतात. याला माझी हरकत नाही. पण आतल्या पानावर ‘गावकीचा कुटुंबावर बहिष्कार’ अशी बातमी छापली जाते, तेव्हा तो शब्द खटकतो. का, हे सांगण्यासाठी त्या शब्दाच्या जन्माकडे जावे लागेल.

बॉयकॉट हे एका माणसाचे आडनाव. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा इंग्रज गृहस्थ आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. १८७९चा हंगाम बुडाला होता. कुळांनी खंडात पंचवीस टक्के सूट मागितली, जमीनदार दहाच्या वर जाईना. सप्टेंबर १८८० मध्ये बॉयकॉटने अकरा कुळांना जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा धाडल्या. त्याच्या थोडे आधी, १९ सप्टेंबरला एनिस गावच्या सभेत आयरिश नेते पार्नेल यांनी शेतकऱ्यांना मार्ग सांगितला होता : बेदखल कुळाची जमीन जो घेईल त्याला मारू नका, त्याच्याशी सगळा व्यवहार तोडा. लोकांनी तो बॉयकॉटवरच वापरला. गडी कामावर येईनात, लोहार घोड्यांना नाल मारीना, धोबीण कपडे नेईना, दुकानदार सामान देईना. बॉयकॉटने आपली कैफियत लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहून मांडली आणि ती गोष्ट जगभर झाली. मग आयर्लंडच्या उत्तरेतल्या अल्स्टरकडचे पन्नास स्वयंसेवक त्याचे पीक काढायला आले. त्यांच्या रक्षणाला सुमारे हजार सैनिक आणि पोलीस! पाचशे पौंडांचे पीक काढायला सरकारचे अंदाजे दहा हजार पौंड गेले. १ डिसेंबरला बॉयकॉट आयर्लंड सोडून गेला.

तोवर त्याच्या नावाचे क्रियापद झाले होते. अमेरिकन पत्रकार जेम्स रेडपाथ यांनी नोंदवले आहे, की ‘ऑस्ट्रसाइज’ (समाजाबाहेर काढणे) हा शब्द शेतकऱ्यांना जड जाईल म्हणून तिथले धर्मगुरू फादर ओमॅली यांनी ‘बॉयकॉट’ सुचवला. फ्रेंच, जर्मन भाषांनीही तो उचलला. ज्यांच्या हाती सत्ता नाही, जमीन नाही, त्यांनी बलवानाला दिलेला नकार, हा या शब्दाचा मूळ अर्थ. बंगालच्या फाळणीनंतर लोकमान्यांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षणाच्या बरोबरीने जो बहिष्कार आला, तो याच जातकुळीचा.

आता अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीचा १९३०चा अहवाल पाहा. डॉ. आंबेडकर तिचे सदस्य होते. अस्पृश्यांनी साधा हक्क बजावला की गावातले सवर्ण त्यांच्याकडची जमीन काढून घेतात, मजुरी बंद करतात, वाणी जिन्नस देत नाही, वापरातली वाट अडवली जाते, असे त्यात नोंदले आहे. कृती जवळपास मेयोतल्याच, पण इथे बळकट गाव दुबळ्याला चिरडते. दोन्हीला एकच शब्द लावला, की दुसऱ्याला पहिल्याचा मान मिळतो.

या दुसऱ्या प्रकाराला आपल्याकडे जुना, नेमका शब्द आहे : वाळीत टाकणे. आमच्या रायगड जिल्ह्यात त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. गावकीचा दंड भरला नाही, आंतरजातीय लग्न केले, निवडणुकीत दुसऱ्या बाजूने गेले, एवढे कारण पुरते. मग त्या घरच्या मयतालाही कोणी जात नाही, आणि जो जाईल त्यालाही दंड.

यासाठी राज्यात २०१६चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे. देशात असा स्वतंत्र कायदा प्रथम महाराष्ट्राने केला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. कायद्याच्या नावात ‘बहिष्कार’ असला तरी त्यापुढे ‘सामाजिक’ आहे. बातमीच्या मथळ्यात नेमका तोच गळतो.

म्हणून विनंती अशी, की अशा बातमीचा मथळा ‘कुटुंबाला वाळीत टाकले’ असाच द्यावा. बातमीत कायद्याचे नाव आणि शिक्षा प्रत्येक वेळी छापावी, आणि गुन्हा नोंदला गेला की नाही, हे पोलिसांना विचारून लिहावे.

आपला नम्र,
एक वाचक, अलिबाग