टोकनमधला आकडा येतो कोठून, हे ग्राहकाला सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याचे हिशेब मी अनेक वर्षे सांभाळतो. कारखान्याच्या बँक खात्यात लॉगिन करण्यासाठी आम्हाला किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवता येईल एवढे एक टोकन मिळाले आहे; त्याच्या पडद्यावरची सहा आकडी संख्या दर मिनिटाला बदलते. मध्यंतरी शाखेत बसलो असताना एका वयस्कर व्यापाऱ्यांनी हा आकडा येतो कोठून असे विचारले, तेव्हा काउंटरवरून उत्तर मिळाले की, तो बँकेकडून नेटवर्कवर येतो. उत्तर देणाऱ्याचा हेतू चांगला होता, पण उत्तर चुकीचे होते, आणि ही चूक ग्राहकाला महागात पडू शकते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

असे टोकन बँकेकडून काहीही घेत नाही. ऑगस्ट २०१९च्या महापुरात शहराच्या अनेक भागांत वीज आणि मोबाइलची रेंज गेली होती, तेव्हाही माझ्या खणातल्या टोकनवर आकडा नेमाने बदलत होता. त्याच्या आत एक बॅटरी, एक घड्याळ आणि एक गुप्त संख्या एवढेच असते. ही गुप्त संख्या टोकन तयार होतानाच त्यात भरली जाते आणि तिची प्रत बँकेच्या सर्व्हरवर ठेवलेली असते. दोन गावांतले दोन पंचांगकर्ते एकमेकांशी एक शब्दही न बोलता, एकच गणित मांडून एका दिवसाची एकच तिथी काढतात, तसेच टोकन आणि सर्व्हर आपापल्या जागी एकच आकडा काढतात. पंचांगाचे गणित कोणालाही करता येते. इथे गणिताची रीत उघड असली तरी त्यात घालायची गुप्त संख्या त्या दोघांखेरीज कोणाजवळ असता कामा नये.

ही रीत २००५ आणि २०११ साली खुल्या मानकांच्या रूपाने प्रसिद्ध झाली असून मोबाइलवर असाच आकडा दाखवणारी ऑथेंटिकेटर ॲप्स त्यातल्या दुसऱ्या मानकाप्रमाणे चालतात. १ जानेवारी १९७० पासून उलटलेले सेकंद मोजून त्यांना तीसने भागायचे (म्हणून ॲपमधला आकडा मिनिटाऐवजी दर तीस सेकंदांनी बदलतो), येणारा पूर्णांक आणि गुप्त संख्या एकत्र करून एका एकेरी गणिती प्रक्रियेतून काढायचे, आणि निघालेल्या १६० बिटांच्या लांबलचक संख्येचा ठरावीक तुकडा घेऊन त्याचे शेवटचे सहा अंक दाखवायचे, असा तो क्रम आहे. दळलेल्या पिठावरून दाणा परत घडवता येत नाही, तसे या सहा अंकांवरून गुप्त संख्येपर्यंत उलटे जाता येत नाही. सहा अंकांचे दहा लाख पर्याय होतात आणि काही चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते बंद होते, त्यामुळे नुसत्या अंदाजाने कोणाचे फावत नाही.

घड्याळ थोडे मागेपुढे होतेच. म्हणून सर्व्हर आधीच्या किंवा नंतरच्या एखाद्या टप्प्यातला आकडाही सहसा मान्य करतो. आमचे टोकन कित्येक महिने कपाटात पडून होते, तेव्हा त्याचा आकडा नाकारला गेला. शाखेतल्या अधिकाऱ्यांनी लागोपाठचे दोन आकडे भरायला सांगितले आणि त्यावरून सर्व्हरने टोकनच्या घड्याळाचा फरक ओळखून घेतला. त्या दिवशी हे सगळे कसे चालते ते मला प्रथम नीट उमगले.

आता मुद्द्याकडे येतो. आकडा बँकच पाठवते असे ज्याला वाटते, त्याला फोनवर कोणी ‘आम्हीच पाठवला आहे, फक्त पडताळणीसाठी सांगा’ असे म्हटले तर त्यात वावगे वाटत नाही. पण तोच आकडा सर्व्हर स्वतः काढतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला बँकेने फोन करून तो विचारण्याचे काही कारणच नाही हे आपोआप कळते. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ हा फलक प्रत्येक शाखेत आहे; त्याच्या खाली हे कारण दोन ओळींत लिहायला काय हरकत आहे?

गुप्त संख्या हाच या व्यवस्थेचा जीव आहे. मार्च २०११ मध्ये आरएसए या टोकने बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीत घुसखोरी होऊन तिच्या टोकनांशी संबंधित माहिती चोरीला गेली. पुढे त्या माहितीचा वापर लॉकहीड मार्टिन या अमेरिकी संरक्षण कंपनीवरील सायबर हल्ल्यात झाल्याचे आरएसएने मान्य केले आणि ग्राहकांना टोकने बदलून देऊ केली. ॲप वापरणाऱ्यांच्या बाबतीत ती संख्या ॲप सुरू करताना दिसणाऱ्या क्यूआर चित्रात दडलेली असते. ते चित्र ‘नंतर उपयोगी पडेल’ म्हणून व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत; तो फोटो ज्याच्या हाती लागेल, त्याच्याही मोबाइलवर तेच आकडे उमटत राहतील.

टोकन सर्व फसवणुकींवर उपाय नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. बँकेसारख्या दिसणाऱ्या बनावट पानावर आपण आकडा टाकला, तर समोरचा माणूस त्याच मिनिटात तो खऱ्या पानावर वापरू शकतो. मात्र आपल्याच नंबरचे दुसरे सिमकार्ड फसवून काढून एसएमएसवरचा ओटीपी पळवण्याचा प्रकार टोकनला लागू पडत नाही, आणि हा फायदा लहान नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५च्या निर्देशांनी एसएमएसखेरीज इतर मार्गांनाही वाव दिला आहे. तेव्हा जिल्ह्यातील सहकारी बँकांनी आपल्या व्यापारी आणि कारखानदार खातेदारांना टोकनचा किंवा ॲपचा पर्याय द्यावा, आणि देताना त्यासोबत मराठीत एक पानभर माहितीपत्रक द्यावे: आकडा कसा तयार होतो, क्यूआर चित्र का जपायचे, टोकन हरवल्यास कोणत्या क्रमांकावर ते तत्काळ बंद करायचे, आणि फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच कळवायचे.

आपला,
एक नियमित वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर