वरोऱ्याचा कोळसा, अजब बंगल्यातला नकाशा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ताडोबाला निघालेले पर्यटक वरोऱ्यात थांबलेच तर आनंदवन पाहतात आणि पुढे जातात. आनंदवन पाहायलाच हवे, पण या गावाची आणखी एक ओळख आहे आणि ती कुणी सांगत नाही, याचे वाईट वाटते.

इंग्रज सरकारने १८७०च्या दशकात वरोऱ्यात कोळशाची खाण चालवली. कोळसा बाहेर नेण्यासाठी वर्ध्याहून इथवर रूळ टाकले. त्या मार्गाचे नावच 'वर्धा कोल स्टेट रेल्वे'. १९०६ मध्ये खाण बंद झाली, रूळ मात्र राहिले. पुढे ते बल्लारशाहून दक्षिणेला जोडले गेले आणि आज दिल्ली-चेन्नई गाड्या याच वाटेने धावतात.

लोखंडाची कथा तर याहून मोठी. नागपुरात एम्प्रेस मिल चालवणाऱ्या जमशेदजी टाटांच्या वाचनात १८८२ मध्ये चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यातल्या लोहारा गावाच्या लोहखनिजाचा अहवाल आला. खनिज उत्तम, जवळच वरोऱ्याचा कोळसा! पण चाचणीत तो कोळसा पोलादाच्या भट्टीला चालेना. पुढे त्यांचे पुत्र दोराबजी टाटा चांद्याचा नाद सोडत असल्याचे कळवायला नागपूरला आले. अधिकाऱ्याची वाट पाहताना ते समोरच्या संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, शिरले. तिथल्या रंगीत भूगर्भीय नकाशावर त्यांना दुर्ग जिल्ह्यातले लोहखनिज दिसले आणि शोध पुन्हा सुरू झाला. तो शेवटी ओडिशातल्या मयूरभंजच्या डोंगरांपर्यंत पोचला, आणि १९०७ मध्ये टाटांची पोलाद कंपनी उभी राहिली. जमशेदपूरची गोष्ट अशी चांद्यातून आणि नागपुरातून जाते, हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे?

नागपूरजवळच्या सावनेरच्या भूमिगत कोळसा खाणीत वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स) आणि एमटीडीसीने (राज्य पर्यटन महामंडळाने) २०१६ मध्ये पर्यटन सुरू केले, ही फार चांगली गोष्ट झाली. तोच धागा वरोऱ्यापर्यंत आणावा. अजब बंगल्यात त्या नकाशाची प्रत, दोराबजींच्या हकिकतीसह, ठळकपणे मांडावी. नागपूरच्या मोतीबागेतले नॅरोगेज रेल्वे संग्रहालय, वरोरा स्थानक, बल्लारपूर असा मार्ग शाळांच्या सहलींसाठी आखावा. वरोऱ्याच्या फलाटावर या रुळांचा इतिहास सांगणारा मोठा मराठी फलक लावायला खर्च तो किती येणार?

आणि माहिती सांगायला निवृत्त खाणकामगारांनाच नेमावे. माझे वडील खाणीत होते. काठीने छत कसे ठोकतात ते आम्हा मुलांना घरच्या भिंतीवर ठोकून दाखवायचे: खणखणीत आवाज आला तर छत पक्के, बद्द आला तर मागे सरायचे. हे कुठल्याही माहितीपत्रकात नाही मिळणार. भूमिगत खाणी एकेक करून बंद पडत आहेत आणि त्यांत उतरलेली माणसे म्हातारी झाली आहेत. जिल्ह्याच्या पर्यटन आराखड्यात यंदाच याची तरतूद व्हावी, एवढीच कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, वरोरा (जि. चंद्रपूर)