‘देवा, उचल आता’चं इंग्लिश कोण करणार?

संपादक महाशय, स.न.वि.वि.

मी २२ वर्षं न्यू जर्सीत राहते आणि तुमचा पेपर रोज मोबाईलवर वाचते. मुलं परदेशी गेली, आई-वडील गावी एकटे पडले यावर तुमच्याकडे बरंच येतं, पण तेच आई-वडील इकडे येऊन राहिले की त्यांचं काय होतं यावर फारसं दिसत नाही, म्हणून लिहितेय.

माझ्या सासूबाई वाईच्या. मामंजी गेल्यावर ग्रीन कार्ड करून त्यांना इकडे आणलं. पहिला हिवाळा निभावला, दुसऱ्या वर्षी जेवण तुटलं, झोप उडाली, आणि सारखं एकच, जीव घाबरा होतो, छातीत धडधडतं, कशात मन लागत नाही. हार्टच्या सगळ्या टेस्ट नॉर्मल आल्या तेव्हा डॉक्टरांनी एका काउन्सेलरकडे पाठवलं. पोरगी चांगली होती, पंचविशीतली असेल. प्रायव्हसी हवी म्हणून तिने मला बाहेर बसवलं, तेही बरोबरच, सुनेसमोर सासू काय बोलणार! पण फोनवर इंटरप्रिटर लावला तो हिंदीचा, कारण फॉर्मवर ‘इंडियन’ लिहिलेलं आणि सासूबाईंची हिंदी सिरियल बघण्यापुरती. शेवटी माझ्या १३ वर्षांच्या मुलीला आत बोलावलं. तिचं मराठी म्हणजे ‘भूक लागली’ आणि ‘नको’ एवढंच.

सासूबाई म्हणाल्या, ‘आता देवाने उचललं तर बरं.’ आणि म्हणाल्या, ‘हे पहाटे येऊन पलंगाशी बसतात, बोलत काही नाहीत.’ नातीने शब्दाला शब्द लावून सांगितलं. झालं, मरायची इच्छा आणि भास, दोन्हीवर टिक! तिथून थेट इमर्जन्सीत, सहा तास, दाराशी गार्ड, आणि म्हातारी मला विचारतेय, मी काय गुन्हा केला गं?

आता काउन्सेलरला शिव्या घालण्यात अर्थ नाही. पीएचक्यू-९ म्हणून नऊ प्रश्नांचा फॉर्म असतो, त्यातला नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा, तिथे हो आलं की तिला सोडून देता येत नाही. आणि म्हातारी माणसं असं बोलतातच म्हणून झटकून टाका असंही मी म्हणत नाही, कधी कधी ते खरंही असतं, विचारायलाच पाहिजे. पण कसं विचारायचं? आमच्या सासूबाई चाळिशीपासून ‘उचल रे देवा’ म्हणतायत, गुडघा दुखला तरी म्हणतात. हे आधीपासून म्हणता का, आता म्हणताना काही वेगळं वाटतं का, एवढं विचारलं असतं तरी चित्र बदललं असतं. आणि नवरा गेल्यावर तो दिसणं, जवळ असल्यासारखं वाटणं हे कितीतरी विधवा बायकांना होतं, गोऱ्यांनाही होतं.

मी मग वाचत बसले. मनोविकारांचं जे मोठं अमेरिकन पुस्तक आहे, डीएसएम-५, त्यात २०१३ पासून १६ प्रश्नांची एक मुलाखत दिलेली आहे, तुमचा त्रास घरच्यांना तुम्ही कसा सांगाल, त्याचं कारण तुम्हाला काय वाटतं, घरच्यांना काय वाटतं, असं सगळं. फुकट मिळते. आम्हाला मात्र कोणी त्यातला एकही प्रश्न विचारला नाही. लहान मुलांना इंटरप्रिटर करायचं नाही हा नियमही ओबामांच्या आरोग्य कायद्याखाली २०१६ पासून आहे, फक्त अगदी इमर्जन्सी असेल तर सूट. म्हणजे कागदावर सगळं आहे, हाताला वळण नाही.

आणि वळण म्हणजे ‘भारतीय लोक असे असतात’ असा दोन तासांचा वर्कशॉप नव्हे. त्याने उलट घात होतो. १९९८ मध्ये टर्व्हालॉन आणि मरे-गार्सिया या दोन डॉक्टर बायकांनी एक किस्सा लिहिलाय, ऑपरेशन झालेली एक लॅटिना बाई कण्हत होती आणि नर्स डॉक्टरला म्हणाली की मी कोर्स केलाय, हे लोक दुखणं वाढवूनच सांगतात! असलं ट्रेनिंग नसलेलं बरं. शिकवायचं तर माहीत नसताना विचारायचं कसं ते शिकवा, इंटरप्रिटरबरोबर बसून खऱ्या केसेस करून घ्या, वर कोणीतरी जाणतं बघायला हवं. तिकडे पुण्यात सायकॉलॉजी शिकणाऱ्यांनाही हे लागणारच आहे, चाकणला बिहार-ओडिशातून आलेला कामगार ‘जी घबराता है’ म्हणाला तर त्याचा नुसता ईसीजी काढून घरी पाठवणार का?

आमचं पुढे बरं झालं. दुसऱ्या काउन्सेलरने व्हिडिओवर मराठी बोलणारी इंटरप्रिटर आणली, आधी पाच मिनिटं तिच्याशी एकटीने बोलून घेतलं, आणि मग सासूबाईंना विचारलं, ते पहाटे येतात तेव्हा तुम्हाला भीती वाटते का?

‘भीती कसली,’ सासूबाई म्हणाल्या, ‘मी चहा विचारते त्यांना.’ आणि मग पाऊण तास बोलत होत्या.

आपली एक वाचक,
न्यू जर्सी