पोरांचा घाम पण तपासा

संपादक महोदय,

आमच्या खानापूर-निपाणी भागात पोराचा खोकला हटत नसला की आधी बाळदमा म्हणतात मग टीबीची शंका, पण सिस्टिक फायब्रोसिस हा घामावरून कळणारा जन्मजात आजारही असू शकतो, तरी घाम कुणी तपासत नाही म्हणून हे पत्र. आपल्या पेशींच्या आवरणात क्लोराइडची (मिठातला एक घटक) ये-जा करवणारी प्रथिनं असतात, त्यातलंच एक सीएफटीआर, त्याचा जीन १९८९ मध्ये सातव्या गुणसूत्रावर सापडला. फुफ्फुसात हे प्रथिन क्लोराइड बाहेर सोडतं, मागोमाग पाणी येतं आणि कफ पातळ राहतो, या आजारात ते बिघडतं आणि कफ डिंकासारखा चिकट होऊन सारखा न्यूमोनिया, वर स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबून खाल्लेलं अंगाला लागत नाही, शी तेलकट होते. घामाच्या ग्रंथीत मात्र काम उलटं, तिथं ते मीठ परत ओढून घेतं, म्हणून अशा बाळाचा मुका घेतला की खारट लागतो, घाम वाळला की कपाळावर पांढरं दिसतं. घरातली आजी असं काही म्हणाली तर डॉक्टरांना जरूर सांगा! घामातलं क्लोराइड लिटरला ६० मिलिमोल किंवा जास्त आलं तर सिस्टिक फायब्रोसिसची शक्यता दाट.

आईबाप दोघं वाहक (स्वतः धडधाकट, पण बिघडलेला एक जीन अंगात) असले तर प्रत्येक खेपेला बाळाला २५ टक्के धोका. नात्यात लग्न झालं की दोघंही वाहक असण्याची शक्यता वाढते, आणि आमच्याकडं मामाच्या पोरीशी लग्नं अजून होतातच. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांनी अशा पोरांना घामाच्या टेस्टसाठी पुढं पाठवावं, आणि ही माहिती कन्नडसोबत मराठीतही भिंतीवर लावावी ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)