मुकादमाच्या वहीवर राहू नकोस

ता. तासगाव, जि. सांगली
12 फेब्रुवारी 2026

चि. मृण्मयी हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस की, तिथं ऑस्ट्रेलियातल्या द्राक्षबागेत तुझे कामाचे किती दिवस भरले ते मुकादमालाच ठाऊक, शेवटी तो एकदम लिहून देणार आहे. तेव्हा मी गप्प राहिलो, कारण शेजारी आई होती आणि तिला तू काय जेवतेस एवढंच ऐकायचं होतं. म्हणून हे पत्र. फोटो काढून पाठवतोय, अक्षर लागलं नाही तर दादाला विचार.

मी जन्मभर हजेरी मांडणाऱ्याच्या बाजूला बसलोय. छाटणीला, विरळणीला, काढणीला टोळ्या लावल्या, बाजाराच्या दिवशी पगार वाटले. मालक आणि मुकादम यांच्या मध्ये मजुराचा दिवस कसा हरवतो ते मला पाठ आहे. मालक म्हणतो, मी मुकादमाला दिले. मुकादम म्हणतो, मालकानं तो दिवस धरलाच नाही. ज्या बायका पोराकडून घरच्या वहीत रोजची हजेरी लिहून घेतात, त्यांच्याशी मात्र तोच मुकादम फार गोड बोलतो. हे सगळीकडं असंच असणार, नदी आपली कृष्णा असो नाहीतर तिकडची मरे.

आणि तुझ्या बाबतीत प्रश्न नुसत्या पैशाचा नाही. वर्क अँड हॉलिडे व्हिसाच्या पहिल्या वर्षाला तुझं नशीब चाललं. 25 डॉलर भरून सोडतीत नाव टाकलंस, सगळ्या भारतातून वर्षाला 1000 जागा, आणि त्यात तुझा नंबर लागला. दुसऱ्या वर्षाला ती सोडत नाही. तिथं तीन महिन्यांचं नेमून दिलेलं काम दाखवायचं, म्हणजे कमीत कमी 88 दिवस. ब्रिटिश पोरांना 1 जुलै 2024पासून ही अट उरली नाही, तुमच्या व्हिसाला आहे. न्याय-अन्याय काय तो असो, अट आहे म्हटल्यावर ती कागदावर उतरली पाहिजे.

दादानं मला त्यांच्या सरकारी पानावरचं सगळं वाचून दाखवलं. त्यातलं मला कळलं ते असं. त्या धंद्यात आठवड्याचं पूर्ण काम धरतात तेवढं भरलं, तर सुट्टीचे दोन दिवसही मोजात येतात. तेवढं भरलं नाही, तर प्रत्यक्ष कामाला गेलीस तेवढेच दिवस. एका दिवशी चौदा तास राबलीस म्हणून त्याचे दोन दिवस होत नाहीत. पावसानं काढणी थांबली, तर तुझ्यासारख्या हंगामी कामगारानं तो दिवस धरून चालू नये. आपल्याकडं फेब्रुवारीत आभाळ आलं की मी बागेत फेऱ्या मारतो, मणी तडकतील म्हणून. तू तिथं आभाळ आलं की तारीख बघ. व्हिसा संपायच्या आत गाळलेले दिवस भरून निघतील एवढी जागा हाताशी ठेव.

पिन कोड बघतात तो कामाच्या जागेचा. मुकादमाचं ऑफिस मेलबर्नला असलं तरी बाग रॉबिनव्हेलची असेल तर रॉबिनव्हेल लिहायचं. घड तोडणं चालतं, पेट्या भरणं चालतं, वेलीची छाटणी चालते. वाइनच्या कारखान्यात टाक्या धुवायला गेलीस तर ते चालत नाही, मग द्राक्षं त्याच बागेतली का असेनात. म्हणून कुणी म्हणालं, आठवडाभर जरा वायनरीत हात लाव, तर जायचं असेल तर जा, पण ते दिवस वेगळे लिही.

रोजच्या रोज वहीत तारीख, बागेचं नाव, सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ, किती पेट्या, एवढं टाकत जा. दर आठवड्याची पे-स्लिप मागून घे. नाही दिली तर पुन्हा माग. पगार बँकेतच घे. रोखीत दोन डॉलर जास्त देतो म्हणणारा तुझा दिवसच विकत घेतोय. 1464 नंबरचा एक फॉर्म आहे, मालकानं काम दिल्याचं त्यावर लिहून सही करायची असते. तो शेवटच्या दिवसावर ठेवू नकोस. एक बाग संपली की त्या बागेची सही घेऊनच बाहेर पड. काढणी उरकल्यावर मालक फोन उचलत नाही. हे मी मालक म्हणून सांगतोय!

उक्त्या कामाचं तू विचारलं होतंस. पेटीमागं भाव देतात म्हणून घाबरायचं कारण नाही, आपल्याकडंही विरळणी उक्तीच देतो. पण तिथं एप्रिल 2022पासून कायदा बदललाय. उक्तं काम असलं तरी तासाच्या किमान पगाराच्या खाली येता येत नाही, आणि भाव असा ठरवायचा की बेताच्या हाताच्या माणसालाही तासाच्या दरापेक्षा निदान 15 टक्के जास्त सुटावेत. म्हणजे मालकाला तास लिहावेच लागतात. "उक्त्याला तास कोण लिहितं" असं मुकादम म्हणाला, तर त्याला कायदा माहीत नाही किंवा तुला माहीत नसेल असं तो धरून चाललाय. तुझ्या व्हिक्टोरिया राज्यात 2019पासून अशा मुकादमांना लायसन लागतं आणि त्यांची नावं सरकारी यादीत बघायला मिळतात. आज रात्री बघ. टॅक्स 45,000 डॉलरपर्यंत 15 टक्के कापतात, तो बरोबर आहे, त्यावर भांडू नकोस. पेन्शनचा फंड मात्र परत येताना काढला की त्यातले 65 टक्के सरकार ठेवतं म्हणे. आपला अडत्या बरा.

आता पुढचं लिहायला बापाची लेखणी अडखळते, पण लिहितो. सही हातात असली की काही माणसं तिचा भाव करतात. कुणी पैसे मागतं, कुणी खोलीचं भाडं दुप्पट लावतं, कुणी पासपोर्ट ठेवून घेतं. पोरींकडून काय मागतात ते मी लिहायला नको. तसं काही झालं, नुसता वास आला, तरी त्याच दिवशी बॅग भर. भरलेले दिवस गेले तर गेले. व्हिसाचा धाक दाखवून राबवून घेणं हा 1 जुलै 2024पासून तिथं गुन्हाच आहे, आणि फेअर वर्क ओम्बुड्समन म्हणून कामगारांचं सरकारी ऑफिस आहे, तिथं तक्रार घेतात. पण तक्रार नंतर, आधी तिथून निघायचं. 2016 साली क्वीन्सलंडच्या होम हिल गावात मिया आयलिफ-चंग नावाची ब्रिटिश मुलगी हॉस्टेलमध्ये मारली गेली. हेच दिवस भरायला ती तिथं गेली होती. मारणारा तिथंच राहणारा एकजण होता. तिची आई, रोझी, पुढं कित्येक वर्षं शेतात राबणाऱ्या या परदेशी पोरांसाठी भांडत राहिली. तुझ्या आईला हे सांगितलेलं नाही. तू सांगू नकोस.

दुसरं वर्ष मिळालं तर मला आनंदच आहे. नाही मिळालं तर घर आहे, बाग आहे, आणि बी.एस्सी. अॅग्रीची डिग्री कुणी काढून घेत नाही. चावडीवर एकदोघं म्हणतात, बापाची बाग सोडून परक्याच्या बागेत मजुरीला गेली. त्यांना मी उत्तर देत नाही. त्यांची पोरं पुण्यात एसीत बसून रात्रपाळी करतात, तीही परक्याचीच.

बाकी तू सांगितलेल्या गोष्टींनी मला वेड लावलंय. मिल्डुराची वसाहत 1887 साली चॅफी भावांनी मरे नदीचं पाणी पंपानं वर चढवून वसवली, हे वाचून मी म्हैसाळ योजनेचाच विचार करत बसलो. त्यांची सुलताना म्हणजे आपली थॉमसनच. आणि आपण शेडवर बेदाण्याला लिटरला 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिली डिपिंग ऑईल घालतो, ते त्यांच्याकडूनच आलेलं. पण तू म्हणालीस की तिथं आता काही जण घड तोडतच नाहीत. काडी कापून ठेवतात, वेलीवरच औषध फवारतात, तिथंच वाळवतात आणि मशीन घालून झाडून घेतात. रॅक नाही, जाळी नाही, क्रेट वाहणारी माणसं नाहीत. आपल्याकडं मांडव वेगळा, ओळीतलं अंतर वेगळं, मशीन शिरणार नाही. तरी दोन ओळींवर करून बघावं असं मनात आहे. यंदा मजूर मिळत नाहीत, शेडवर निवडायला बायका नाहीत. एखाद्या सुट्टीला तशी बाग बघायला मिळाली तर काडी नेमकी कुठं कापतात, फळकाडी किती डोळ्यांची ठेवतात आणि कापल्यावर किती दिवसांनी मशीन घालतात ते लिहून पाठव. व्हिडिओत काही कळत नाही, तुझा हात हलतो.

मेच्या आसपास टेबल ग्रेप्सचं, म्हणजे खायच्या द्राक्षांचं, काम संपेल. तोवर दिवस पुरे झाले नाहीत तर घाबरून कुठल्याही फार्मवर उडी मारू नकोस. थंडीत तिथं संत्र्यांची तोडणी असते आणि जूननंतर वेलींची छाटणी. संत्र्याची पिशवी खांद्याला जड, त्यात तुझा डावा खांदा आधीच दुखतो. छाटणीला जा. कात्री तू सातवीत हातात धरलीस, तिथली पोरं ती तिथं जाऊन शिकतात. उक्ता भाव ठरवायच्या आधी एक ओळ स्वतः छाटून वेळ लाव आणि मगच हो म्हण.

आजीचा गुडघा बरा आहे. आईनं मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी काढून ठेवलीय, पण दादा म्हणतो तिथल्या कस्टमवाल्यांची यादी आधी बघायला हवी. ती बघून तूच कळव काय पाठवायचं ते.

तुझे
अण्णा