आमच्या गल्लीतून दिसणारी अमेरिका

कायझर्सलाउटर्न,
रविवार दुपार

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर विचारत होतात आणि मी विषय बदलत होते, तेव्हा आता सरळ लिहूनच सांगते. कंपनीने मिशिगनच्या ऑफिसला जाल का म्हणून विचारलं होतं. मी नाही म्हणून कळवलं आहे.

आई, तू लगेच देव पाण्यात घालू नकोस. नोकरी शाबूत आहे, तब्येत ठणठणीत आहे, जावईबापूंशी भांडणही झालेलं नाही. उलट निर्णय दोघांनी मिळूनच घेतला. पण मधल्या काळात सल्ले इतके ऐकले की काही विचारू नका. सांगलीहून धाकट्या काकांचा रोज मेसेज, अमेरिका मिळत असताना जर्मनीत कोण राहतं? आणि ऑफिसात जेवायच्या सुट्टीत, जर्मनी सोडून अमेरिकेत कोण जातं? सल्ला देणाऱ्यांपैकी एकानेही मिशिगन पाहिलेलं नाही.

आमच्या गावाबद्दल तुम्हाला मी फारसं कधी सांगितलं नाही. फुटबॉलवाल्यांना ते स्टेडियममुळे माहीत असतं. 2006च्या विश्वचषकात अमेरिका-इटली सामना इथेच झाला होता, 1-1 बरोबरीत सुटला. पण खरी ओळख वेगळीच आहे. शहराची वस्ती लाखभर, आणि आसपासच्या टापूत सैनिक, त्यांची बायकामुलं, नोकरदार धरून सुमारे पन्नास हजार अमेरिकन. शेजारी रामश्टाइनचा त्यांचा विमानतळ, पलीकडे लांडश्टूलला त्यांचं लष्करी इस्पितळ. 1950च्या दशकाच्या सुरुवातीपासून हा संसार इथे मांडलेला आहे. त्यामुळे बर्लिनच्या माणसाला अमेरिका टीव्हीवर दिसते, आमच्याकडे ती बेकरीत रांगेत पुढे उभी असते.

आमच्या घरमालकीण आजींचं उदाहरण घ्या. मार्च 1945मध्ये अमेरिकन फौजा शहरात शिरल्या तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. एका शिपायाने च्युइंगगम दिला, तो त्यांनी चॉकलेट समजून गिळला आणि आता पोरगी जगत नाही म्हणून त्यांच्या आईने रात्रभर उशाशी बसून काढली. हे सांगताना त्या अजूनही पोट धरून हसतात. त्यांच्या पिढीला अमेरिका म्हणजे पांढरा पाव, केअर संस्थेची मदतीची पार्सलं, पुढे रॉक गायक एल्व्हिस. तो 1958 ते 60 जर्मनीतच सैन्यात नोकरीला होता ना! हरलेल्या, पोटाला चिमटा काढून जगणाऱ्या पोरांना जिंकलेल्या फौजेतली माणसं मोठ्याने हसताना, पाय पसरून बसताना दिसली, ह्याचंच केवढं अप्रूप वाटलं असेल.

पण त्याच आजी दुसरी गोष्टही सांगतात. त्यांच्या थोरल्या बहिणीचं पन्नाशीच्या दशकात एका काळ्या अमेरिकन शिपायावर मन बसलं. वडिलांनी बोलणं टाकलं, गावातल्या बायका दुकानात तोंड फिरवायच्या. आणि तो शिपाई मूळचा जॉर्जियाचा. तिथे गोऱ्या बाईशी त्याचं लग्न कायद्यानेच बेकायदा! असे कायदे सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले ते थेट 1967 साली. शेवटी दोघं लग्न करून शिकागोला राहिली, कारण इलिनॉयमध्ये तशी बंदी नव्हती. जगाला लोकशाही शिकवायला आलेल्या फौजेत काळ्या-गोऱ्यांच्या तुकड्यासुद्धा वेगळ्या होत्या, बाबा; ते बंद करायचा आदेश 1948मध्ये निघाला, आणि अमलात यायला आणखी काही वर्षं गेली. आजी म्हणतात, "माझ्या वडिलांना नको होतं आणि त्याच्या राज्यालाही नको होतं. त्या बाबतीत दोघांचं छान पटलं असतं."

म्हणून ऑफिसातली पोरं अमेरिकेतल्या वर्णद्वेषावर तावातावाने बोलतात ना, तेव्हा ते बरोबरच बोलत असतात, पण मला आजींच्या गावातली ती दुकानं आठवतात. दुसऱ्याच्या घरातली घाण दाखवताना इथलाही माणूस आपला उंबरा विसरतोच.

आजींचा मुलगा त्याच विमानतळावर वायरमन आहे, म्हणजे पगार अमेरिकन सरकारचा. हा माणूस 15 फेब्रुवारी 2003ला इराक युद्धाच्या विरोधात बर्लिनला मोर्चाला गेला होता. पाच लाख माणसं होती त्या दिवशी. शनिवार होता तो. सोमवारी साहेब परत कामावर हजर! मग युद्ध पेटलं आणि जखमी पोरं विमानांनी लांडश्टूलला येऊ लागली. मी विचारलं, तुम्हाला काही वाटलं नाही? तर म्हणाला, "युद्ध चुकीचंच होतं. पण ऑपरेशन चालू असताना वीज जाऊन चालेल का?" ह्यावर मला काही बोलता आलं नाही. इथल्या जुन्या लोकांच्या मनात हे सगळं असंच एकत्र नांदतं. 28 ऑगस्ट 1988ला रामश्टाइनच्या हवाई कसरतींत तीन इटालियन विमानं एकमेकांवर आदळली आणि 70 माणसं गेली, तिन्ही वैमानिक सोडले तर सगळी बघायला आलेली. त्या दिवसाबद्दल आजी बोलत नाहीत. आणि 2020मध्ये अमेरिकेने जर्मनीतलं आपलं सैन्य कमी करणार अशी घोषणा केली तेव्हा घाबरले कोण? तर भाड्याने घरं देणारे, बेकरीवाले, गाड्या दुरुस्त करणारे. तिथल्या पुढच्या सरकारने ते थांबवलं तेव्हा सगळ्यांनी सुस्कारा सोडला. आपल्या नात्यात मुंबईची श्रीमंत आत्या असते, जिच्या बोलण्याला सगळे वैतागतात पण तिच्या येण्यावर दिवाळी अवलंबून असते, तसं काहीसं आहे हे.

तरुण मंडळींचं मात्र वेगळं. त्यांच्या लेखी अमेरिका म्हणजे बंदुका, प्रचंड गाड्या, प्रचंड कोकचे ग्लास आणि दवाखान्याची बिलं. तिथे लोक ॲम्ब्युलन्स बोलवायला घाबरतात, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पाठ झालं. त्यात तथ्य आहे. इथे चान्सेलर बिस्मार्कने 1883मध्ये कामगारांना आजारपणाचा विमा सक्तीचा केला, आजही नव्वद टक्के लोक सरकारी चौकटीतल्या विम्यात आहेत. आजारी पडलं तर पहिले सहा आठवडे पूर्ण पगार. पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षाकाठी 20 दिवस भरपगारी रजा कायद्याने द्यावीच लागते, आम्हाला 30 मिळतात. अमेरिकेत खासगी नोकरदाराला अशी एक दिवसाचीही रजा देणारा केंद्रीय कायदा नाही. चांगल्या कंपन्या आपणहून देतात, ते निराळं.

पण ऐकत राहिलं की कंटाळाही येतो. अमेरिकन गोपनीयता पाळत नाहीत ही तक्रार इन्स्टाग्रामवर टाकायची, अमेरिकन हेरांनी चान्सेलर मर्केलबाईंचा फोन चोरून ऐकल्याचं 2013मध्ये बाहेर आलं, त्याची आठवण आयफोनवर बोलताना काढायची! आणि ज्या देशात 2024 साली लांब पल्ल्याच्या दर तीन गाड्यांतली निदान एक उशिरा धावली, त्याने दुसऱ्याला मागासलेलं म्हणताना जरा आवाज खाली ठेवावा.

सगळ्यात लाडका आरोप म्हणजे, अमेरिकन लोकांचं हसणं-बोलणं वरवरचं. वॉलमार्टची गोष्ट तर इथे दंतकथाच झाली आहे. 1997च्या अखेरीस आले, 2006मध्ये गाशा गुंडाळून गेले. कारणं धंद्याची होती, स्वस्त दुकानांची स्पर्धा वगैरे, पण लोक रंगवून सांगतात ते एवढंच की दारात उभं राहून हसणारा माणूस जर्मनांना सोसवला नाही.

आता समोरच्या घराचं सांगते. तिथे टेक्सासचं एक लष्करी कुटुंब राहतं. त्यांच्या पिकअपने अर्धी गल्ली अडते. भर उन्हात ड्रायरमध्ये कपडे वाळवतात, प्लास्टिकच्या डब्यात काचा टाकतात, रविवारी गवत कापायला काढलं तेव्हा तीन खिडक्यांतून ओरडा झाला. गल्लीत त्यांच्याबद्दल चांगलं कुणी बोलत नाही. पण आम्ही राहायला आलो तेव्हा पहिल्या संध्याकाळी केळ्याचा केक घेऊन दार वाजवलं ते त्याच बाईने. जर्मन शेजारी आठवडाभराने आले, आणि कचऱ्याचं वेळापत्रक देऊन गेले. तेही उपयोगाचंच होतं म्हणा. गेल्या हिवाळ्यात आमच्या छोट्या चिन्मयला रात्री ताप चढून झटका आला, जावईबापू दौऱ्यावर, मी थरथर कापतेय, तेव्हा स्लिपरवर धावत येऊन गाडी काढली ती तिनेच. पहाटेपर्यंत माझ्याजवळ बसून होती, आणि बिल किती येईल म्हणून तिलाच काळजी! काही भरायचं नाही म्हटल्यावर माझ्याकडे बघतच राहिली. हे जर वरवरचं असेल तर असू दे बाई.

तिला मी मिशिगनचं विचारलं. ती म्हणाली, घर मोठं मिळेल, पगार दीडपट, लोक बोलके, आणि थंडी इथल्यापेक्षा वाईट. बस्स. जर्मनी चांगली की अमेरिका, ह्यावर व्याख्यान नाही.

आमचं नाही म्हणण्याचं कारण ह्या सगळ्याहून रुक्ष आहे, बाबा. भारतात जन्मलेल्यांची नोकरीवरच्या ग्रीन कार्डची रांग कित्येक वर्षांची आहे, देशागणिक मर्यादा असल्यामुळे ती लवकर हलत नाही. तोवर सगळं व्हिसाच्या धाग्यावर. नोकरी गेली तर महिना-दोन महिन्यांत चंबूगबाळं आवरायचं. इथे कायमस्वरूपी परवाना हातात आहे, नोकरी गेली तरी कुणी हाकलणार नाही. चिन्मय बालवाडीत रुळलाय, जर्मन आमच्यापेक्षा चांगलं बोलतो. चाळिशीत परत शून्यापासून परवान्यांच्या रांगेत उभं राहायची आमची तयारी नाही. अमेरिका वाईट आहे म्हणून नव्हे. पंचविशीत विचारलं असतं तर मी पळत गेले असते, आणि तुम्ही गल्लीत पेढे वाटले असते हेही मला माहीत आहे.

काकांना पटणार नाही. आपल्याकडे मुलगा अमेरिकेत आहे म्हटलं की तो काय करतो हे कुणी विचारत नाही, जर्मनीत आहे म्हटलं की "मग पुढे कुठे?" असं विचारतात. त्यांना सांगा की पुतणी अमेरिकेतच राहते म्हणून. पन्नास हजार अमेरिकनांच्या मधोमध राहते, खोटं कुठे आहे?

मेमध्ये तुम्ही आलात की काल्श्टाटला जाऊ, गाडीने तासाच्या आत. द्राक्षांच्या मळ्यातलं एवढंसं गाव. केचपवाल्या हाइन्झचे वडील तिथले आणि ट्रम्प यांचे आजोबाही तिथलेच. हे आजोबा 1885मध्ये सोळाव्या वर्षी अमेरिकेला गेले, पैसा केला, बायकोला करमेना म्हणून परत आले. पण लष्करी सेवा टाळली म्हणून 1905मध्ये सरकारने त्यांना पुन्हा बाहेर काढलं. राहू द्या म्हणून त्यांनी विनवणीचा अर्ज केला होता, तो फेटाळला. गावकऱ्यांना ह्या आडनावाचा अभिमान आहे की संकोच, ते तुम्हीच गप्पा मारून काढा, तुम्हाला जमतं ते. तिथला खास पदार्थ डुकराच्या पोटात सारण भरून करतात, तेव्हा आई, तुझा डबा आपण बरोबर नेऊ.

व्हिसासाठी प्रवास विमा किमान 30,000 युरोचा हवा, एजंट कमी रकमेचा गळ्यात मारेल तर घेऊ नका. बाबांच्या बीपीच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या आणा, चिठ्ठीसकट. निमंत्रणाचं पत्र मी ह्या आठवड्यात पाठवते.

तुमची,
मनू