चूक विक्रेत्याची, वसुली खरेदीदाराकडून: केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्रीमती निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थमंत्री तथा अध्यक्ष, जीएसटी परिषद

विषय: कलम १६(२)(सी) आणि नियम ३७-ए यांखाली खरेदीदाराचे क्रेडिट काढून घेण्याबाबत

स. न. वि. वि.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर सुटसुटीत झाले. बहुतेक मालासाठी पाच आणि अठरा टक्के हे दोनच टप्पे उरले, मोजक्या मालाला चाळीस. त्याबद्दल या पत्रात काही म्हणायचे नाही. दर पाच असो की अठरा, बिलावर कर मोजून दिलेल्या माणसाकडे तोच कर पुन्हा मागायची सोय कायद्यात तशीच आहे. हे पत्र तिच्याबद्दल आहे. खरेदीवर दिलेला कर आपल्या विक्रीवरच्या करातून वजा करता येतो, तेच क्रेडिट. विक्रेत्याने तो कर सरकारकडे भरला तरच ते टिकते, असे कलम १६(२)(सी) म्हणते.

एकच बिल घेऊ. एप्रिल २०२४. माल चार लाखांचा, विक्रेता त्याच राज्यातला, दर १८ टक्के. म्हणजे केंद्राचे ३६,००० आणि राज्याचे ३६,०००. खरेदीदाराने ४,७२,००० रुपये आरटीजीएसने दिले. विक्रेत्याने ११ मेच्या आत जीएसटीआर-१ हे विक्रीचे विवरणपत्र भरले, १४ मे रोजी ते बिल खरेदीदाराच्या टू-बीमध्ये, म्हणजे पोर्टलने काढलेल्या क्रेडिटच्या मासिक तक्त्यात, उतरले आणि २० मेला थ्री-बी हे कर भरायचे विवरणपत्र भरताना खरेदीदाराने ७२,००० रुपयांचे क्रेडिट घेऊन वापरले. इथपर्यंत कुठे काही चुकलेले नाही. विक्रेत्याने मात्र एप्रिलचा थ्री-बी भरलाच नाही.

जीएसटीआर-१ मध्ये विक्री सांगायची असते, पैसे भरायचे असतात ते थ्री-बीमध्ये. दोन्ही फॉर्म वेगळे, तारखा वेगळ्या. २०१७ च्या मूळ आराखड्यात बिलाला बिल जुळवायची व्यवस्था होती. जीएसटीआर-२ आणि ३ हे फॉर्म त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बाजूला ठेवले गेले आणि तात्पुरता म्हणून आलेला थ्री-बी कायमचा मुक्कामाला राहिला. आपल्याकडे तात्पुरत्या गोष्टींचे आयुष्य मोठेच असते. त्या दोन फॉर्ममधल्या फटीत सापडतो तो खरेदीदार.

नियम ३७-ए डिसेंबर २०२२ मध्ये आला. क्रेडिट घेतले ते आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० सप्टेंबरपर्यंत विक्रेत्याने थ्री-बी भरला नाही, तर खरेदीदाराने ३० नोव्हेंबरच्या आत ते क्रेडिट रिव्हर्स करायचे, म्हणजे परत करायचे. आपल्या उदाहरणात या तारखा ३० सप्टेंबर आणि ३० नोव्हेंबर २०२५ अशा पडतात. एप्रिल २०२४ चे बिल, आणि हिशेब सतरा महिन्यांनी! तोवर विक्रेत्याचा पैसा कधीच चुकता झालेला असतो. चुकता करावाच लागतो, कारण १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्याच कलम १६ खाली क्रेडिट जाते. पैसे देणे रोखले तरी क्रेडिट जाणार, दिले तरी जाऊ शकते.

३० नोव्हेंबर चुकली की आकडे कसे वाढतात ते पाहावे. तीन वर्षांनी आदेश आला असे धरले, तर मूळ कर ७२,००० आणि १८ टक्क्यांनी व्याज ३८,८८०. दंड कराच्या १० टक्के किंवा दहा हजार, यांपैकी जे जास्त असेल ते. ३६,००० चे १० टक्के होतात ३,६००, म्हणून दहा हजार धरले जातात, आणि कायदे दोन असल्यामुळे दोनदा: २०,०००. बेरीज १,३०,८८०. म्हणजे चार लाखांच्या खरेदीवर १,३०,८८० रुपये पदरचे गेले. माल विकून यातला अर्धा नफाही सुटत नाही.

नोटिशीनंतर ६० दिवसांत कर आणि व्याज भरले तर दंड माफ होतो, हे खरे. पण नोटीस पोर्टलवर चढवली की कलम १६९ प्रमाणे ती बजावली गेली असे धरतात. छोट्या दुकानदाराला ती दिसते तेव्हा बहुधा आदेशही शेजारी येऊन बसलेला असतो. २०२४-२५ पासूनच्या वर्षांना कर मागणीचे नवे कलम ७४-ए लागते. वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून नोटिशीला ४२ महिने, म्हणजे २०२४-२५ साठी ३० जून २०२९ पर्यंत वेळ. पाच वर्षांपूर्वीच्या बिलाचा विक्रेता तोवर कुठे शोधायचा?

खरेदीदाराने विक्रेता पारखून घ्यावा, असे सांगितले जाते. पारखायचे कशाने? ज्या टू-बीवरून क्रेडिट घ्यायचे त्यात विक्रेत्याच्या जीएसटीआर-१ ची तारीख असते, थ्री-बी भरला की नाही ते नसते. ती माहिती टू-एमध्ये आहे, म्हणजे ज्या तक्त्यावरून आता कोणी क्रेडिट घेत नाही त्यात. किंवा पोर्टलवर एकेक जीएसटी क्रमांक टाकून पाहायचे. दोनशे विक्रेते असले तर वर्षाला २,४०० वेळा. ऑक्टोबर २०२४ पासून आलेल्या आयएमएसवर (पोर्टलवरची इनव्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिम) बिल स्वीकारता येते, नाकारता येते, प्रलंबित ठेवता येते, आणि काहीच केले नाही तर ते स्वीकारले असे धरले जाते. बिलातल्या चुका पकडायला ही सोय चांगली आहे. विक्रेता पुढे पैसे भरेल की नाही हे आयएमएसही सांगू शकत नाही.

सरकारला मात्र हे सगळे आधीच ठाऊक असते, आणि आमचा मुद्दा तोच आहे. विक्रेत्याने जीएसटीआर-१ मध्ये स्वतःच्या हाताने लिहून दिलेला कर १ जानेवारी २०२२ पासून कलम ७५(१२) प्रमाणे स्वयंनिर्धारित कर आहे. तो कलम ७९ खाली कारणे दाखवा नोटीस न काढता वसूल करता येतो, अगदी बँक खात्यातूनही. थ्री-बी राहिला तर नियम ५९(६) प्रमाणे पुढच्या महिन्याचा जीएसटीआर-१ अडतो, म्हणजे कर कोणी थकवला हे यंत्रणेला महिन्याभरात कळते. जुलै २०२५ च्या कालावधीपासून थ्री-बीतला विक्रीवरचा कर जीएसटीआर-१ वरून आपोआप येतो आणि तिथे बदलता येत नाही. थ्री-बी भरला म्हणजे दाखवलेला कर आला, हे आता पूर्वीपेक्षा कितीतरी स्पष्ट आहे.

एवढी आयुधे हाताशी असताना मागणी जाते खरेदीदाराकडे, कारण तो दुकान उघडून बसलेला असतो. आपल्याच मंत्रालयाने ४ मे २०१८ रोजी जाहीर केले होते की विक्रेत्याने कर भरला नाही म्हणून खरेदीदाराचे क्रेडिट आपोआप रिव्हर्स होणार नाही. आधी विक्रेत्याकडून वसुली होईल, आणि विक्रेता बेपत्ता असणे, धंदा बंद पडणे, मालमत्ता पुरेशी नसणे अशा अपवादांतच खरेदीदाराकडे वळले जाईल. नियम ३७-ए मध्ये या क्रमाचा मागमूस नाही.

न्यायालयांचेही एकमत नाही. मद्रास (२०२१) आणि कलकत्ता (२०२३) उच्च न्यायालयांनी आधी विक्रेत्याला गाठा म्हटले. पाटणा आणि केरळ उच्च न्यायालयांनी १६(२)(सी) उचलून धरले. महाराष्ट्राला हा प्रश्न व्हॅटपासूनचा ओळखीचा आहे. राज्याच्या व्हॅट कायद्यातल्या कलम ४८(५) च्या महालक्ष्मी कॉटन खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती तरतूद वैध ठरवली होती. तरतूद वैध असली म्हणून वसुलीचा क्रम शहाणपणाचा ठरत नाही. आणि ७२,००० रुपयांसाठी पहिल्या अपिलात १० टक्के, न्यायाधिकरणात आणखी १० टक्के भरून कोण भांडणार? रक्कम पन्नास हजारांच्या आत असली तर न्यायाधिकरण अपील दाखल करून घ्यायलाही नकार देऊ शकते.

बोगस बिलांचा धंदा आहे आणि तो मोठा आहे, हे आम्ही नाकारत नाही. नुसते कागद फिरवून क्रेडिट घेणाऱ्याला सूट द्या असे आमचे म्हणणे मुळीच नाही. पण खरी खरेदी ओळखता येते: ई-वे बिल, ट्रान्सपोर्टची बिल्टी, वजनकाट्याची पावती, गेटवरची आवक नोंद, बँकेतली नोंद, पाच कोटींवर उलाढाल असलेल्या विक्रेत्याचे ई-इनव्हॉइस. ही साखळी जुळते तिथे संगनमत सिद्ध करायची जबाबदारी विभागाची असावी. विशेषतः विक्रेत्याची नोंदणी मागच्या तारखेपासून रद्द केली जाते तेव्हा. खरेदीच्या दिवशी पोर्टल ज्याला ‘सक्रिय’ म्हणत होते, तो आज ‘तेव्हाही नव्हता’ असे ठरते, आणि त्या दिवशी पोर्टलवर विश्वास ठेवणारा अडकतो.

म्हणून जीएसटी परिषदेपुढे पुढील बदल ठेवावेत.

नियम ३७-ए ला एक अट जोडावी: विक्रेत्यावर कलम ७९ ची कारवाई सुरू करून ती निष्फळ ठरल्याची नोंद झाल्याशिवाय खरेदीदाराला रिव्हर्सल लागू नये. २०१८ चे निवेदन नियमात आणले की एवढे होते.

टू-बीमध्ये विक्रेत्याच्या थ्री-बीचा रकाना घालावा. आणि कर थकवलेल्या विक्रेत्यांची यादी थ्री-बीची मुदत संपताच त्यांच्या खरेदीदारांना जावी. उधारीची मुदत तीस-पंचेचाळीस दिवसांची असते. तेवढ्यात कळले तर खरेदीदार कराची रक्कम हातात राखून ठेवू शकतो. सतरा महिन्यांनी कळून काय उपयोग? नोव्हेंबर २०२३ मध्ये नियम ३७-ए खालच्या रकमा पोर्टलने स्वतः काढून करदात्यांना ई-मेलने कळवल्या होत्या. तेच दर महिन्याला करायचे आहे.

बिल टू-बीमध्ये असेल आणि पैसे बँकेतून गेले असतील, तर दहा-दहा हजारांचा किमान दंड लावू नये.

खरेदीदाराने कराची रक्कम थेट सरकारकडे भरावी, असाही एक मार्ग सुचवला जातो. ऑक्टोबर २०२४ पासून धातूच्या भंगारावर खरेदीदार विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून दोन टक्के टीडीएस कापून सरकारकडे भरतो, ती याचीच छोटी आवृत्ती. जोखमीच्या अशा एखाद्या धंद्यात ते चालेल. सरसकट लावले तर प्रामाणिक विक्रेत्याचे क्रेडिट लेजरमध्ये साचून राहील आणि त्याला परताव्यासाठी खेटे घालावे लागतील. ते आम्हाला नको आहे.

कळावे,

जीएसटीची विवरणपत्रे भरणारे आणि नोटिशींना उत्तरे देणारे काही करसल्लागार